एपीआय नेमका कोणी सांभाळायचा? डेव्हलपमेंट आणि प्लॅटफॉर्म टीमना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या ज्या कंपन्यांत मी प्लॅटफॉर्म टीममध्ये (सगळ्या सेवांची सामायिक यंत्रणा चालवणाऱ्या टीममध्ये) काम केले, तिथे नवी सेवा सुरू होण्याच्या आठवड्यात जवळपास हेच प्रश्न, थोड्या वेगळ्या शब्दांत आणि पुष्कळदा रात्री उशिरा, विचारले गेले. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती किंवा काम मागण्याची ठरलेली पद्धत. इथली उत्तरे कुबरनेटिसवर (सेवा अनेक सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रणालीवर) चालणाऱ्या आणि समोर एक सामायिक गेटवे, म्हणजे येणारी विनंती योग्य सेवेकडे पाठवणारे दार, असलेल्या व्यवस्थेला धरून दिली आहेत. ज्यांची व्यवस्था वेगळी आहे त्यांना काही तपशील बदलून घ्यावे लागतील.

एपीआयचा मालक कोण?

ज्या डेव्हलपमेंट टीमने तो लिहिला ती टीम. गेटवे प्लॅटफॉर्म टीम चालवते, म्हणून त्यातून जाणारा प्रत्येक एपीआयही तिचाच, असा समज फार लवकर रुजतो आणि नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. ऑर्डर कोणत्या टप्प्यापर्यंत रद्द करता येते, एखादे फील्ड रिकामे आले तर त्याचा अर्थ ‘माहिती नाही’ असा घ्यायचा की ‘लागू नाही’ असा, हे ज्यांना ठाऊक आहे तेच त्या एपीआयचे मालक. प्लॅटफॉर्म टीमला यातले काही ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नाही. तिला दुसरी गोष्ट दिसते, जी कोणत्याही एका डेव्हलपमेंट टीमला दिसत नाही, ती म्हणजे सगळ्या सेवांची मिळून होणारी रहदारी आणि तिचा सामायिक साधनांवर पडणारा भार.

म्हणून अर्थाशी निगडित निर्णय डेव्हलपमेंट टीमने घ्यावा आणि सामायिक भाराशी निगडित निर्णय प्लॅटफॉर्म टीमने, एवढी वाटणी बहुतेक ठिकाणी पुरते. अडचण येते ती मधल्या पट्टीत. टायमआउट (उत्तराची किती वेळ वाट पाहायची), रेट लिमिट (ठरावीक वेळेत किती विनंत्या चालतील), लॉग (विनंत्यांच्या नोंदी), जुन्या आवृत्त्या या गोष्टी शेताच्या बांधासारख्या असतात. कोरायचा तेव्हा बांध दोघांचा असतो आणि फुटला की तो कोणाचाच नसतो. पुढची बहुतेक उत्तरे या बांधाविषयीच आहेत.

मग गेटवेवर नवा मार्ग उघडण्यासाठी दरवेळी प्लॅटफॉर्म टीमकडे तिकीट (लेखी मागणी) का टाकावे लागते?

लागू नये. लागत असेल तर ती जुन्या साधनांची सवय आहे. बाहेरची रहदारी आत घेण्याच्या कुबरनेटिसच्या इन्ग्रेस या पद्धतीत होस्टचे नाव (सेवेचा पत्ता), जोडणी सुरक्षित करणारे प्रमाणपत्र आणि मार्ग (कोणती विनंती कोणत्या सेवेकडे जाते) हे सगळे एकाच फायलीत लिहिले जायचे, आणि त्याशिवाय जे काही हवे ते अ‍ॅनोटेशनच्या, म्हणजे जोड-टिपांच्या, रूपात, प्रत्येक उत्पादनाच्या स्वतःच्या बोलीत, वर चिकटवले जायचे. त्या फायलीला हात लावण्याची मुभा डेव्हलपरला दिली की तो चुकून दुसऱ्याच्या होस्टचा ताबा घेऊ शकत असे, आणि मुभा दिली नाही की एक पाथ (पत्त्याचा पुढचा भाग) वाढवण्यासाठी दोन दिवस वाट पाहावी लागत असे. दोष माणसांचा नव्हता, दोन वेगळ्या जबाबदाऱ्या एकाच कागदावर आल्या होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये १.० आवृत्तीला पोहोचलेल्या गेटवे एपीआय या कुबरनेटिस प्रकल्पाने नेमका हा कागद फाडून त्याचे तीन तुकडे केले. ‘गेटवेक्लास’ हा पायाभूत सुविधा पुरवणाऱ्याचा, ‘गेटवे’ हा क्लस्टर (सर्व्हरचा समूह) चालवणाऱ्याचा आणि ‘एचटीटीपीराउट’ हा सेवा लिहिणाऱ्याचा. प्लॅटफॉर्म टीम गेटवेमध्ये ठरवते की कोणत्या पोर्टवर ऐकायचे, प्रमाणपत्र कोणते वापरायचे आणि कोणत्या नेमस्पेसमधून (क्लस्टरमधल्या टीमच्या वेगळ्या कप्प्यातून) येणारे मार्ग स्वीकारायचे. डेव्हलपमेंट टीम आपल्या नेमस्पेसमध्ये, आपल्याच रिपॉझिटरीतून (कोडच्या संग्रहातून), एचटीटीपीराउट लिहिते: या होस्टवर ‘ऑर्डर्स’ने सुरू होणारा पाथ आला तर शंभरातल्या नव्वद विनंत्या जुन्या सेवेकडे आणि दहा नव्याकडे पाठव. हे दहाचे वीस करायला प्लॅटफॉर्म टीमला विचारावे लागत नाही. मार्ग आपल्या नेमस्पेसमधला असूनही दुसऱ्या टीमच्या सेवेकडे वळवायचा असेल, तर त्या दुसऱ्या टीमने ‘रेफरन्सग्रँट’ लिहून परवानगी द्यावी लागते. परवानगी देणारा कोण हे कागदावरच दिसते, हा या रचनेतला मला सर्वांत आवडलेला भाग आहे.

अजून जुन्या इन्ग्रेसवरच असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला इन्ग्रेस-एन्जिनएक्स कंट्रोलर (इन्ग्रेसच्या फायली वाचून रहदारी वळवणारा प्रोग्राम) निवृत्त करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आणि त्याच्या देखभालीची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच ठेवण्यात आली. स्थलांतर करताना फायली जशाच्या तशा भाषांतरित करू नयेत; जबाबदाऱ्या वेगळ्या करण्याची संधी तेव्हाच असते.

टोकन (लॉगिननंतर मिळणारा ओळखीचा पुरावा) गेटवेवर तपासले जाते, तर सेवेत पुन्हा तपासणी कशाला?

कारण त्या दोन तपासण्या एक नव्हेत. गेटवे एवढेच पाहतो की टोकनवरची सही खरी आहे, मुदत संपलेली नाही आणि ते आपल्याचसाठी दिलेले आहे. ही व्यक्ती कोण, याचे उत्तर तिथे मिळते. या व्यक्तीला ही वस्तू पाहण्याचा हक्क आहे का, याचे उत्तर गेटवेकडे असूच शकत नाही, कारण ४३१२ क्रमांकाची ऑर्डर कोणाची आहे हे त्याला माहीत नसते. लॉगिन केलेल्या ग्राहकाने पत्त्यातला ४३१२ खोडून ४३१३ लिहिला आणि शेजाऱ्याची ऑर्डर पत्त्यासकट समोर आली, तर गेटवेने आपले काम चोख केलेले असते आणि तरीही माहिती फुटलेली असते. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने एपीआय सुरक्षेच्या धोक्यांची जी यादी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये प्रसिद्ध केली, त्या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर हाच दोष आहे.

तेव्हा टोकनची पडताळणी, त्यासाठीच्या चाव्या वेळोवेळी बदलणे आणि ४०१ (ओळख पटली नाही) हे उत्तर प्लॅटफॉर्म टीमकडे. वस्तूनिहाय हक्क आणि ४०३ (हक्क नाही) हे उत्तर डेव्हलपमेंट टीमकडे. कोड तपासताना मी एकच प्रश्न विचारतो: डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरीत ऑर्डर क्रमांकासोबत ग्राहक क्रमांकही आहे का? नसेल तर पुढचे वाचत नाही.

रेट लिमिट किती ठेवायची हे कोण ठरवते?

दोन मर्यादा असतात आणि त्या एक समजल्या जातात म्हणून वाद होतात. पहिली मर्यादा कुंपणाची: एका सेवेच्या गर्दीमुळे बाकीच्या सेवा गुदमरू नयेत, म्हणून प्लॅटफॉर्म टीमने सगळ्यांवर घातलेली. दुसरी व्यवहाराची: एका ग्राहकाने, एका भागीदाराने, दिवसात ही गोष्ट किती वेळा करणे समंजसपणाचे आहे? तो आकडा ज्यांना व्यवहार कळतो त्यांनीच द्यावा, आणि प्लॅटफॉर्म टीमने तो अमलात आणण्याचे साधन पुरवावे.

याचे सगळ्यांना परिचित उदाहरण आपल्या खिशात आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडखळले, तेव्हा व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या ‘चेक ट्रान्झॅक्शन’ विनंत्यांचा बँकांकडून आलेला पूर हे कारण पुढे आले. पैसे गेले की नाही हे कळत नसले की बँकेची प्रणाली पुन्हा विचारते, उत्तर आले नाही की आणखी विचारते, आणि आधीच दमलेल्या यंत्रणेवर विचारणाऱ्यांचीच गर्दी होते. प्रत्येक बँकेच्या बाजूने पाहिले तर तिची विनंती रास्त होती. सगळ्यांची बेरीज फक्त मधल्या यंत्रणेला दिसत होती. त्यानंतर यूपीआय चालवणाऱ्या मुंबईस्थित एनपीसीआयने एपीआयच्या वापरावर मर्यादा आणल्या आणि १ ऑगस्ट २०२५ पासून एका ग्राहकाला एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येऊ लागली, तर मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळा. हे आकडे प्रोसेसरच्या क्षमतेवरून निघत नाहीत. माणूस दिवसात किती वेळा शिल्लक पाहतो याचा अंदाज त्यामागे असतो, आणि तो अंदाज व्यवहार जाणणाऱ्याचाच असावा लागतो.

आपल्या घरच्या पातळीवर नियम साधा ठेवावा. डेव्हलपमेंट टीमने मर्यादेचा आकडा मार्गासोबत आपल्या रिपॉझिटरीत लिहावा. तो प्लॅटफॉर्मच्या कमाल मर्यादेच्या आत असेल तर पाइपलाइनने (बदल तपासून पुढे सोडणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने) मुकाट्याने स्वीकारावा, बाहेर गेला तरच माणसाने पाहावे. ४२९ (मर्यादा ओलांडली) देताना पुन्हा कधी यायचे हे ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या टिपेत) सांगावे, नाहीतर नाकारलेला क्लायंट (विनंती करणारा प्रोग्राम) दुसऱ्याच क्षणी दारात उभा असतो.

टायमआउट आणि रिट्राय (पुन्हा प्रयत्न) यांचे काय?

मधल्या पट्टीतला हा सर्वांत खचलेला बांध आहे, म्हणून इथे थोडे अधिक लिहितो.

काही वर्षांपूर्वी, ज्या कंपनीत मी होतो तिथे, आम्ही गेटवेसाठी एन्जिनएक्स या प्रोग्रामवरून एन्व्हॉय या दुसऱ्या प्रोग्रामवर गेलो. चाचण्या झाल्या, मंगळवारी बदल झाला, सगळे सुरळीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला हिशेब विभागाचा मासिक अहवाल निघेना. प्रत्येक वेळी ५०४ (वेळेत उत्तर आले नाही). अहवालाला ४० सेकंद लागत, आणि ते कोणी कुठे लिहिलेले नव्हते, कारण लिहिण्याची वेळच आली नव्हती: एन्जिनएक्सचे उत्तर वाचण्याचे मूळ टायमआउट ६० सेकंदांचे आहे आणि एन्व्हॉयचे मार्गावरचे १५ सेकंदांचे. डेव्हलपमेंट टीमचे म्हणणे, आम्ही कोडची एक ओळ बदललेली नाही. आमचे म्हणणे, आम्ही एकही आकडा बदललेला नाही. दोघेही खरे बोलत होतो, आणि त्याच दिवशी मला पटले की कोणीही न लिहिलेला आकडा हाही एक निर्णयच असतो, फक्त तो तिसऱ्याच कोणीतरी घेतलेला असतो.

तेव्हापासून आमच्याकडे टायमआउट हा मार्गाचा सक्तीचा भाग आहे. डेव्हलपमेंट टीम तो स्वतःच्या एचटीटीपीराउटमध्ये लिहिते, रिकामा ठेवला तर पाइपलाइन पुढे जाऊ देत नाही. प्लॅटफॉर्म टीम फक्त कमाल आकडा ठरवते. शिवाय बाहेरचा टायमआउट आतल्यापेक्षा नेहमी मोठा असावा, हे दोन्ही टीमनी मिळून पाहायचे असते. गेटवेने ३० सेकंदांनी हात झटकले आणि सेवा ६० सेकंद राबत राहिली, तर ते उरलेले काम कोणाच्याच उपयोगाचे नसते.

रिट्रायची गंमत अशी की तो प्रत्येकाला आपल्यापुरता शहाणपणाचा वाटतो. मोबाइल अ‍ॅपने तीनदा प्रयत्न करायचे, गेटवेने तीनदा, आणि सेवेने पुढच्या सेवेकडे तीनदा, असे असेल तर एका बोटाच्या स्पर्शाने शेवटच्या सेवेवर २७ विनंत्या आदळू शकतात, त्याही ती आजारी असताना. म्हणून रिट्राय एकाच थरावर ठेवावा. कोणत्या विनंत्या पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे, हे डेव्हलपमेंट टीमने सांगावे. पैसे कापणारी विनंती गेटवेने स्वतःच्या मनाने कधीही पुन्हा पाठवू नये. तिथे क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सेवेने नवा व्यवहार न करता जुनेच उत्तर परत करावे.

रात्री दोनला बिघाड झाला तर फोन कोणाचा वाजतो?

अ‍ॅमेझॉनचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगेल्स यांनी २००६ मध्ये सांगितलेले सूत्र, ज्याने बांधले त्यानेच चालवावे, सगळ्यांना पाठ असते. व्यवहारात मात्र पहिला फोन बहुधा प्लॅटफॉर्मचा वाजतो, कारण त्रुटी गेटवेच्या आलेखावर दिसते. दिसते तिथेच ती घडली असे नव्हे. यातला अर्धा वाद लॉगची एक ओळ नीट वाचली तर मिटतो.

५०० हे सेवेने स्वतः दिलेले उत्तर असते, तिथे डेव्हलपमेंट टीमला उठवावे. ५०२ ते ५०४ ही बहुधा गेटवेने सेवेच्या वतीने दिलेली उत्तरे असतात आणि ती फसवी असतात: सेवेशी जोडणीच होत नसेल तर तोच बिघाड एन्जिनएक्समध्ये ५०२ म्हणून दिसतो आणि एन्व्हॉयमध्ये ५०३ म्हणून. एन्व्हॉय लॉगमध्ये सोबत एक छोटी खूण ठेवतो, ती पाहावी. ‘यूटी’ असेल तर सेवेने वेळेत उत्तर दिले नाही. ‘यूएच’ असेल तर सेवेची एकही प्रत निरोगी नाही, आणि ताजी आवृत्ती नुकतीच चढवली असेल तर दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही. ४०४ सोबत ‘एनआर’ असेल तर विनंती सेवेपर्यंत पोहोचलीच नाही, मार्ग सापडला नाही. तिथे एचटीटीपीराउट आणि गेटवे दोन्ही उघडून पाहावे लागतात.

म्हणून सूचना पाठवण्याचे नियम या खुणांवर आधारून लिहावेत. एकाच सेवेवर त्रुटी असेल तर त्या सेवेच्या ऑन-कॉल माणसाला, एकाच वेळी अनेक सेवांवर असेल तर प्लॅटफॉर्मच्या. दोघांना एकदम उठवण्याची पद्धत सुरक्षित वाटते, पण त्यात दोघेही समजतात की दुसरा पाहत असेल.

एपीआयचा करार बदलायचा असेल तर परवानगी कोणाची?

ओपनएपीआय या प्रमाणानुसार लिहिलेले एपीआयचे वर्णन, म्हणजेच हा करार, डेव्हलपमेंट टीमच्या रिपॉझिटरीत, कोडच्या शेजारी असावे. प्लॅटफॉर्म टीम त्यावर यांत्रिक तपासणी लावते: फील्ड काढले गेले का, ऐच्छिक फील्ड सक्तीचे झाले का, प्रकार बदलला का. यापैकी काही झाले तर पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची मागणी) थांबते. ती पुढे सोडण्याचा अधिकार प्लॅटफॉर्म टीमकडे नसावा, तो एपीआय वापरणाऱ्या टीमकडे असावा, कारण मोडणार आहे ते त्यांचे. नावांतल्या एकवचन-अनेकवचनावर प्लॅटफॉर्म टीमने अडून बसणे मात्र थांबवावे. त्यापायी फुकट गेलेले आठवडे मी पाहिले आहेत.

जुनी आवृत्ती बंद करण्याची जबाबदारी कोणाची?

बंद करायची की नाही हे डेव्हलपमेंट टीम ठरवते, पण अजून कोण वापरत आहे हे प्लॅटफॉर्म टीमच सांगू शकते. क्लायंटनिहाय वापराचा अहवाल दर महिन्याला आपोआप गेला पाहिजे. बंद होण्याची तारीख सांगण्यासाठी ‘सनसेट’ हेडर आहे, २०१९ च्या आरएफसी ८५९४ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजातले, आणि वापर सोडावा असे सुचवण्यासाठी ‘डेप्रिकेशन’, आरएफसी ९७४५ मधले. हेडर कोणी वाचत नाही ही तक्रार खरी आहे; म्हणून शेवटच्या महिन्यात आधी जाहीर करून दिवसातून काही मिनिटे आवृत्ती मुद्दाम बंद ठेवावी. मग फोन येतात.

टाळाटाळीची किंमत किती असते, याचा सार्वजनिक दाखला ऑस्ट्रेलियाच्या ऑप्टस या दूरसंचार कंपनीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे सुमारे ९५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तिथल्या दूरसंचार नियामकाने न्यायालयात मांडलेल्या म्हणण्यानुसार प्रवेश तपासण्याच्या कोडमधली चूक २०१८ पासून होती, २०२१ मध्ये ती मुख्य डोमेनवर दुरुस्त झाली, पण वापरात नसलेल्या आणि तरीही इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या दुसऱ्या डोमेनवर तशीच राहिली. दुरुस्ती करणाऱ्याला दुसरे दार दिसले नाही. सगळी दारे मोजून ठेवण्याचे काम मी म्हणूनच निःसंशय प्लॅटफॉर्म टीमचे मानतो, दारामागे काय आहे ते दुसऱ्यांचे असले तरी.

प्रमाणपत्रांचे नूतनीकरण?

पूर्णपणे प्लॅटफॉर्म टीमचे, आणि हाताने नव्हे. सार्वजनिक टीएलएस (जोडणी सुरक्षित करणाऱ्या) प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असे ठरले आहे. कॅलेंडरमध्ये आठवण लावून भागवणाऱ्यांचे दिवस भरले. डेव्हलपमेंट टीमने आपल्या अ‍ॅपमध्ये एखादे प्रमाणपत्र पक्के बांधून ठेवले असेल तर ते आधीच सांगावे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित आहे.

लॉगमध्ये काय ठेवायचे आणि किती दिवस?

किती दिवस, हे कायद्याने ठरते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. साठवण, घड्याळे जुळती ठेवणे आणि त्या ६ तासांत लॉग शोधता येणे ही प्लॅटफॉर्म टीमची बाजू. लॉगमध्ये आधार क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक जाणार नाही हे पाहणे डेव्हलपमेंट टीमची, कारण ‘रेफ’ नावाच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फील्डमध्ये ग्राहकाचा फोन नंबर भरला जातो हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग नाही. दोन्ही टीमनी मिळून प्रत्येक विनंतीला गेटवेवर एक क्रमांक द्यावा आणि तो शेवटच्या सेवेपर्यंत पुढे न्यावा. मधल्या एका सेवेने तो गाळला की साखळी तिथेच तुटते.

आमची कंपनी लहान आहे, वेगळी प्लॅटफॉर्म टीम नाही. हे आम्हाला लागू आहे का?

टीम नसेल, पण ते काम आहेच, आणि ते बहुधा एकाच अनुभवी डेव्हलपरच्या माथी बसलेले असते. त्याला आठवड्यातले दोन दिवस अधिकृतपणे द्यावेत. एपीआय सांभाळण्याचे मोठे उत्पादन घेऊन बसवण्याची गरज नाही. पाच-सात सेवांना साधा रिव्हर्स प्रॉक्सी (आलेल्या विनंत्या सेवांकडे पुढे पाठवणारा प्रोग्राम) पुरतो.

ही वाटणी लिहून कुठे ठेवायची?

जिथे ती रोज वाचली जाते तिथे. आमच्याकडे एपीआयची एक नोंदवही आहे, तिला आम्ही सातबाराच म्हणतो. प्रत्येक एपीआयची एक फाइल, तीत मालक टीम, ऑन-कॉलचा पत्ता, टायमआउट, दोन्ही रेट लिमिट, रिट्राय कोणत्या थरावर, वापरणारे क्लायंट आणि बंद होण्याची तारीख. गेटवेवरचा मार्ग या फायलीवरूनच तयार होतो, त्यामुळे नोंद जुनी राहिली तर मार्गच उघडत नाही. मालकाच्या रकान्यात माणसाचे नाव चालत नाही, टीमचेच लागते. माणसे नोकरी बदलतात. हा नियम आला तेव्हा नोंदवहीत असे अकरा एपीआय निघाले ज्यांच्या मालकाच्या रकान्यात आधीच कंपनी सोडून गेलेल्यांची नावे होती. त्यातले चार कोणीच वापरत नव्हते, ते त्याच संध्याकाळी बंद केले. उरलेल्या सातांना मालक मिळायला तीन महिने लागले.